घडी आणि नेम

व्यवस्थितपणा हा असा एक गुण आहे की, त्याची प्रशंसा करण्यात कोणाचाही मतभेद होत नाही, आणि तो अंगी बाणविण्याचा संकल्पही बहुतेकांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा केलेला असतो. दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी माळे रिकामे होतात, ट्रंका उघडतात, पुस्तकांवरची धूळ झटकली जाते, फळ्यांवर नवे कागद अंथरले जातात. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर असे लख्ख दिसते की, आता ते कायमचे तसेच राहणार असे घरातल्या प्रत्येकाला वाटते. पण तुळशीचे लग्न लागते न लागते तोच टेबलावर कागदांचा ढीग पुन्हा चढलेला असतो, किल्ल्या पूर्ववत हरवू लागलेल्या असतात, आणि विजेचे बिल नेमके शेवटच्या तारखेला सापडत नाही. मग आपण स्वतःला किंवा एकमेकांना आळशी ठरवतो आणि पुढच्या दिवाळीची वाट पाहतो.

आठ दिवसांच्या एवढ्या श्रमांचे फळ एक महिनाही का टिकू नये? याचे उत्तर आपण सामान्यतः मनुष्याच्या स्वभावात शोधतो. निश्चय कमी पडला, चिकाटी नाही, वळण लागले नाही, अशी कारणे आपण देतो. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु मला वाटते की, या बाबतीत आपण निश्चयावर फार मोठा भार टाकतो आणि जागेवर फार थोडा. वस्तू कोठे ठेवावयाची हे ठरविताना ती पुन्हा तेथे ठेवणाऱ्या थकल्याभागल्या हाताचा विचार आपण केलेला नसतो. आणि जी व्यवस्था थकलेल्या हाताला पाळता येत नाही, ती केवळ उत्साहाच्या दिवसापुरती असते.

आपल्या जुन्या घरांतली दोन उदाहरणे घेऊ. एक उतरंडीचे आणि दुसरे मिसळणाच्या डब्याचे. उतरंड दिसावयास मोठी सुबक. सर्वांत मोठे मडके तळाला, त्यावर त्याहून लहान, त्यावर त्याहूनही लहान, अशी ती कोपऱ्यात उभी असे. पण तळाच्या मडक्यातले मूठभर कडधान्य हवे असेल, तर सगळी उतरंड उतरावी लागे. वर्षाचे बियाणे किंवा सणावारी लागणारा जिन्नस ठेवावयास ती उत्तम होती. रोजच्या वापराला ती मुळीच नव्हती, आणि घरातल्या शहाण्या बायका रोजची वस्तू तिच्यात ठेवीतही नसत. याउलट मिसळणाचा डबा. त्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट, मेथी यांच्या वाट्या शेजारीशेजारी असतात. झाकण काढले की सगळ्या एकदम दृष्टीस पडतात. डबा चुलीपाशी हाताच्या टापूत असतो, कारण तेल तापल्यावर मोहरी शोधीत बसण्यास सवड नसते. वाटीत बोट घालून चिमूट उचलावयाची. ती परत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. हा डबा नीट ठेवण्याचा संकल्प कोणी कधी सोडल्याचे ऐकिवात नाही, आणि तरीही लाखो घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या नीट राहिलेला आहे. बदलीच्या नोकरीमुळे आज नागपूर, उद्या इंदूर, परवा दिल्ली असे बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांना विचारून पाहावे. सामान बांधताना हा डबा शेवटी आत जातो आणि नव्या घरी सर्वांत आधी बाहेर निघतो.

या दोन वस्तूंच्या तुलनेतून टिकाऊ व्यवस्थेची काही लक्षणे हाती लागतात. वस्तू जेथे लागते तेथेच ती ठेवावी. ती एका नजरेत दिसावी. तिच्या शेजाऱ्यांची संख्या मोजकी असावी. आणि मुख्य म्हणजे ती परत ठेवणे हे उचलण्याइतकेच सोपे असावे. बहुतेक घरांतली व्यवस्था मोडते ती वस्तू उचलताना मोडत नाही, परत ठेवताना मोडते. कात्री कपाटातल्या पेटीतल्या पिशवीत ठेवावयाची असेल, तर ती एकदाच तेथे ठेवली जाईल. भिंतीवर एक खिळा ठोकला, तर तीच कात्री वर्षानुवर्षे त्या खिळ्यावर परतत राहील. आपण दिवाळीला जी आवराआवर करतो ती पुष्कळशी उतरंडीच्या जातीची असते. दिसावयास देखणी, वापरावयास अवघड. म्हणूनच ती पुढच्या महिन्यात कोसळते.

घराबाहेर पाहिले, तर ज्यांना मोठे व्याप सांभाळावे लागले त्यांनीही हाच मार्ग धरलेला दिसतो. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे काम १९२४ साली हाती घेणारे एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम प्रसिद्ध केले, त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. पुस्तके ओळीने मांडलेली दिसावीत एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याला पुस्तक हवे आहे त्याला ते किती लवकर मिळते, ही त्यांनी व्यवस्थेची कसोटी मानली. ग्रंथालयात एखादे पुस्तक चुकीच्या फळीवर गेले, तर ते इमारतीत असूनही हरवलेलेच असते, हे ग्रंथपालाला शिकवावे लागत नाही. आपल्या घरांत मात्र अशी कितीतरी पुस्तके, पावत्या आणि दाखले घरात असूनही हरवलेले असतात, आणि त्याचे आपल्याला फारसे काही वाटत नाही.

दुसरे उदाहरण सरकारी कचेरीचे आहे. १९८० नंतरच्या दशकात अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीतील कामकाजाची आणि अभिलेखांची जी पुनर्रचना केली, ती पुढे ‘लखिना पद्धत’ म्हणून महाराष्ट्रभर ओळखली गेली. तिच्यातली सहा गठ्ठ्यांची कल्पना अगदी साधी आहे. कारकुनाच्या मेजावरचे सगळे कागद सहा प्रकारांत विभागावयाचे: ज्यांवर आपल्याला काम करावयाचे आहे ते; ज्यांच्या बाबतीत दुसऱ्याच्या उत्तराची प्रतीक्षा आहे ते; ठरावीक काळाने पाठवावयाची विवरणपत्रे; नेहमी लागणारे स्थायी आदेश; अभिलेखकक्षात पाठवावयाचे कागद; आणि मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे कागद. या विभागणीत खरी मौज आहे ती दुसऱ्या आणि सहाव्या गठ्ठ्यांत. ‘आपले काम’ आणि ‘दुसऱ्याच्या उत्तराची वाट’ हे दोन कागद एकाच ढिगात असले, म्हणजे तो ढीग उपसताना मनुष्याचे धैर्य खचते, कारण प्रत्येक कागद हाती घेऊन पुन्हा खाली ठेवावा लागतो. आणि काय टाकून द्यावयाचे हे आधीच ठरले नसेल, तर काहीच टाकले जात नाही. घरोघरी ज्यांचे ढीग असतात त्या कागदांना या सहांपैकी तीन गठ्ठे जरी लाभले, करावयाचे, वाट पाहावयाचे आणि टाकावयाचे, तरी पुष्कळ घरांतली टेबले पुन्हा दिसू लागतील.

येथपर्यंत आपण जागेचा विचार केला. पण पुष्कळ घरे अशी असतात की, तेथे कशालाच ठरलेली जागा नसते आणि तरीही सारे सुरळीत चाललेले दिसते. याचे रहस्य काय? ते रहस्य असते कोणा एकाच्या स्मरणशक्तीत. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याच्या आत्मचरित्रात या संबंधी मोठा उद्‌बोधक मजकूर आहे. आपल्या तरुणपणी त्याने तेरा सद्गुणांची यादी केली, एका लहानशा वहीत प्रत्येकाला एक पान दिले, आणि एका आठवड्यात एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे असा क्रम आखला. तेरा आठवड्यांत एक फेरा आणि वर्षात चार फेरे. चूक झाली की वहीत काळी खूण करावयाची. या तेरा गुणांत व्यवस्थेचा क्रमांक तिसरा होता, आणि त्याच गुणाने आपल्याला सर्वांत अधिक त्रास दिला, असे तो प्रांजळपणे नमूद करतो. त्याचे कारणही तो देतो. त्याची स्मरणशक्ती अतिशय चांगली होती; त्यामुळे कागदपत्रांना जागा नसल्याची अडचण त्याला तरुणपणी भासलीच नाही. हा भाग लिहिताना, १७८४ साली, तो ऐंशीच्या जवळ पोचला होता. स्मृती ओसरू लागली होती आणि व्यवस्थेची उणीव आता स्पष्ट जाणवत होती. चांगली स्मरणशक्ती ही अव्यवस्थेवरचे पांघरूण असते, ते दूर झाल्यावर काय होते, हे त्याने आपल्या अनुभवाने दाखविले आहे.

फ्रँकलिनची स्मृती निदान त्याची स्वतःचीच होती. आपल्याकडे सबंध घराची स्मृती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते, आणि ती व्यक्ती बहुधा घरची गृहिणी असते. “अगं, माझा चष्मा कुठं आहे?” “आई, माझा दाखला कुठं ठेवलास?” “सूनबाई, रक्तदाबाची गोळी कोणती?” या प्रश्नांची उत्तरे ती पोळी लाटता लाटता, मागे न पाहता देते, आणि आपण तिच्या स्मरणशक्तीचे कौतुक करतो. हे कौतुक फार स्वस्त आहे. भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया घरातली बिनपगारी कामे दररोज करीत होत्या, तर पुरुषांपैकी सुमारे २६ टक्के. ही कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. ही हातांच्या कामाची मिनिटे झाली. कोणती वस्तू कोठे आहे, कोणाचे औषध केव्हा संपते, कोणता हप्ता कोणत्या तारखेला भरावयाचा आहे, हे सतत मनात वागविण्याच्या कामाला घड्याळाचे मोजमापच लावता येत नाही.

आणि मग एखाद्या दिवशी ती अंथरुणाला खिळते. तिला रुग्णालयात न्यावे लागते. घरात चार सुशिक्षित माणसे असतात, पण विम्याचे कागद कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. जुने तपासणी-अहवाल सापडत नाहीत. कोणत्या औषधाची तिला बाधा होते हे सांगणारी एकच व्यक्ती असते, आणि ती ग्लानीत असते. जे तिच्या बाबतीत, तेच घरातल्या कर्त्या पुरुषाच्या बाबतीत. फरक एवढाच की, त्याच्या डोक्यात बँकेची खाती आणि ठेवींच्या पावत्या असतात. दहा वर्षे कोणी दाद न घेतलेल्या बँक-ठेवी २०१४ सालच्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जमा होतात. ती रक्कम आज हजारो कोटी रुपयांची आहे. खातेदाराला किंवा त्याच्या वारसांना ती मागता येते, आणि अशा ठेवींचा शोध सुलभ व्हावा म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ या नावाची सोयही सुरू केली. पण ठेव होती, हेच ज्यांना ठाऊक नाही, ते शोधणार काय? या पैशांत कोणा विधवेचा निर्वाह असेल, कोणा मुलीचे शिक्षण असेल. एक पान लिहून ठेवले नाही एवढ्याच कारणाने ते घरापासून दूर राहिले.

हे ध्यानात घेतले, म्हणजे व्यवस्थेकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी लागते. आपण तिला सौंदर्याचा प्रश्न समजतो, फार तर सवयीचा. तो मूलतः दुसऱ्याच्या सोयीचा प्रश्न आहे, आणि पुष्कळदा न्यायाचाही आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवर एक संपूर्ण समास खर्च केला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, शाई कशी असावी, हे सारे तेथे बारकाईने सांगितले आहे. त्यातल्या दोन सूचना मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पानाच्या चोहोबाजूंनी मोकळी जागा सोडावी, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, ही एक. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडणार नाही, मध्यम आकाराचे अक्षर काढावे, ही दुसरी. उद्याच्या मंद दृष्टीच्या माणसासाठी आज लिहिणारा हात आवरावयाचा, यात व्यवस्थितपणाचे सारे मर्म आले. मग तो उद्याचा माणूस आपण स्वतः असू किंवा आपल्या मागे राहिलेले कोणी असेल.

व्यवस्था कशासाठी आणि कशी, याचा एवढा विचार झाल्यावर ती अंगवळणी कशी पडावी हा प्रश्न उरतो. सवय एकवीस दिवसांत लागते, असे आपण सर्वत्र ऐकतो. या समजुतीच्या मुळाशी मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यवैद्याचे १९६० सालचे एक पुस्तक आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आपल्या नव्या रूपाची ओळख पटण्यास निदान सुमारे एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. लोकांनी त्यातला ‘निदान’ हा शब्द गाळला आणि रूपाच्या ओळखीऐवजी कोणतीही सवय धरली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला होता. प्रत्येकाने एक साधी कृती निवडावयाची आणि ती रोज ठरलेल्या एका प्रसंगाला, जसे न्याहारीनंतर, करावयाची. कृती सहज होऊ लागण्यास लागलेला मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी कृती लवकर रुळली, व्यायामाला अधिक काळ लागला. आणि एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्यात म्हणण्यासारखी बाधा आली नाही.

हा शेवटचा निष्कर्ष मोठा दिलासा देणारा आहे. विल्यम जेम्स या थोर मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सवयीवर जे प्रकरण लिहिले, त्यात नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा कडक उपदेश आहे. सूत गुंडाळताना हातातून गुंडी निसटली की अनेक वेढे एकदम उलगडतात, तसे एका चुकीने होते, असे त्याला वाटे. अलीकडच्या अभ्यासाने हे भय पुष्कळसे कमी केले आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या मनात ते अजून आहे. आणि एक दिवस खंड पडला की सगळेच सोडून देण्याची जी आपली रीत, ती त्या भयातूनच येते.

या बाबतीत आपल्या परंपरेतील चातुर्मासाच्या नेमाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. धर्मश्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ त्याची घडण पाहावी. आषाढी एकादशीला आरंभ, कार्तिकीला शेवट. नेम एकच आणि बहुधा लहान: एखादा पदार्थ वर्ज्य करणे, एखादे वाचन नित्य करणे, रोज एक ठरलेली कृती करणे. तो घरातल्या सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे पानात चुकून वर्ज्य पदार्थ आला तर शेजारी बसलेला नातूही आजीला आठवण देतो. आणि शेवटी उद्यापन असते, म्हणजे घेतलेले काम पुरे झाल्याचा एक समारंभ असतो. आपल्या पूर्वजांना आधुनिक मानसशास्त्र अवगत होते, असा दावा मी करणार नाही. परंतु चार महिने म्हणजे सुमारे १२० दिवस. एकवीस दिवसांच्या घाईपेक्षा हा अवधी माणसाच्या स्वभावाला अधिक मानवणारा आहे, हे उघड आहे. नेमाला तारीख आहे, मर्यादा आहे, साक्षीदार आहेत आणि शेवट आहे. आपल्या संकल्पांना यांपैकी बहुधा काहीच नसते. ‘आता मी नीटनेटका राहणार’ हा संकल्प आहे. ‘उद्यापासून दिवाळीपर्यंत रात्री जेवण झाल्यावर मी त्या दिवशीचे कागद तीन गठ्ठ्यांत लावीन’ हा नेम आहे.

नेमाचे आणखी एक अंग आहे. त्यात स्वतःला दिलेले आव्हान असते. आव्हान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयाची शिखरे किंवा समुद्रात पोहून जाणारे वीर उभे राहतात. त्यांचा आदर करावाच. पण सामान्य माणसाच्या आयुष्यात धैर्याची परीक्षा घेणाऱ्या गोष्टी घराच्या चार भिंतींतच असतात, आणि आपण त्यांच्या बाजूने रोज मान वळवून जातो. वडिलांच्या निधनानंतर न उघडलेली त्यांची ट्रंक. भावाशी बोलावयाचा राहिलेला जमिनीचा विषय. मृत्युपत्र करण्याची टाळाटाळ. फुगलेल्या कर्जाचा एकदा मांडावयाचा हिशेब. जेम्सने याच प्रकरणात सुचविले आहे की, प्रयत्न करण्याची शक्ती जिवंत राहावी म्हणून मनुष्याने दर एक-दोन दिवसांनी एक लहानशी नकोशी गोष्ट केवळ ती नकोशी आहे म्हणून करावी. तो तिला विम्याच्या हप्त्याची उपमा देतो. हप्ता भरताना लाभ दिसत नाही. आग लागली, तर तोच मनुष्याला सर्वनाशातून वाचवितो.

यात मी एकच भर घालीन. नकोशी गोष्ट निवडताना अशी निवडावी की, तिने दुसऱ्या कोणाचा भार हलका होईल. गृहस्थाने चार महिने एकही वस्तू घरातल्या कोणाला न विचारता स्वतः शोधावयाची आणि स्वतः परत ठेवावयाची, असा नेम घेऊन पाहावा. हे आव्हान वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे. गृहिणीनेही एक नेम घ्यावा, आणि तो कदाचित अधिकच अवघड असेल: आपल्या डोक्यातले घर कागदावर उतरवून इतरांच्या हाती द्यावयाचे, आणि त्यांनी डबा थोडा वाकडा ठेवला तरी मुकाट राहावयाचे. ज्येष्ठांनी आपली बँकेची कामे मुलावर न सोपवता स्वतः शिकून घ्यावीत. विद्यार्थ्याने आपले दप्तर आईने भरावे ही सवय मोडावी. यांपैकी कोणत्याही पराक्रमाची बातमी होणार नाही. पण ज्याच्या पाठीवरचा भार उतरेल त्याला तो समजेल.

एका धोक्याची सूचना येथे दिली पाहिजे. व्यवस्थेचे वेड लागलेला मनुष्य घराला तुरुंग करू शकतो. पाहुण्याने उशी उचलली की ज्याच्या कपाळाला आठी पडते, मुलांच्या खेळण्यांचा पसारा ज्याला अपराध वाटतो, त्याने साधनालाच साध्य मानलेले असते. फ्रँकलिनने या संदर्भात एका मनुष्याची गोष्ट सांगितली आहे. त्या मनुष्याने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेइतकीच सगळी पाती लखलखीत करून मागितली. लोहार म्हणाला, तू चाक फिरव, मी घासून देतो. लोहार पाते दगडावर जोराने दाबी, त्यामुळे चाक फिरविता फिरविता बिचाऱ्याची दमछाक झाली; आणि शेवटी, पात्यावर ठिपके राहिले असतानाच, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच अधिक आवडते, असे म्हणून त्याने ती उचलली. फ्रँकलिनने ही गोष्ट प्रयत्न अर्ध्यावर टाकणाऱ्यांना उद्देशून सांगितली, आणि ती त्यांना लागूही पडते. तथापि तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. लाकूड धारेने तुटते. धार तेवढी रोज लावावी, आणि उरलेल्या पात्यावर चार ठिपके असले तर ते खुशाल असू द्यावेत.

शेवटी एक व्यवहारातली सूचना करून मी हे भाषण पुरे करतो. घरात एक साधी वही घ्यावी. तिच्यात घरातल्या प्रत्येकाची औषधे आणि त्याला बाधणारी औषधे, बँकेची खाती आणि ठेवी, विमा, वारसाची नोंद कोठे केली आहे ते, महत्त्वाचे कागद कोणत्या कप्प्यात आहेत ते, आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवावयाचे ते, एवढे मोठ्या अक्षरात लिहावे. गुप्त संकेतशब्द मात्र तिच्यात लिहू नयेत. पानाला भोवती जागा सोडावी, कारण मजकूर बदलत राहणार. वहीची जागा ठरवावी आणि ती घरातल्या सर्वांना सांगावी. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातल्या कोणा एकाने, दर वेळी निराळ्या व्यक्तीने, त्यातला एखादा कागद काढून दाखवावा. पाच मिनिटांत तो सापडला तर आपली व्यवस्था खरी. न सापडला तर कोणाला बोल लावू नये. जागा बदलून पाहावी. चार महिने हा नेम चालवावा, आणि चार महिन्यांनी घरच्या गृहिणीला आठ दिवस माहेरी किंवा मैत्रिणीकडे जाऊ द्यावे, आणि त्या आठ दिवसांत काही विचारण्यासाठी तिला एकदाही दूरध्वनी करू नये. ती परत येईल तेव्हा घर पूर्वीइतके लख्ख नसेलही. पण तिच्यावाचून ते चालले, हे पाहून तिला जी विश्रांती वाटेल, तिच्याहून चांगले उद्यापन या नेमाला सापडणार नाही.